झाडतोडीचे यंत्र आणि मराठी कामगाराचा जीव

सीमाभागात भाषेचा प्रश्न म्हटला की दुकानांवरील फलक, जमिनीचे उतारे, मराठी शाळा आणि ग्रामपंचायतींचे ठराव एवढेच विषय आपल्या डोळ्यांसमोर येतात. हे विषय महत्त्वाचे आहेतच. १९५६ पासून या भागाने त्यांसाठी काय सोसले आहे, हे वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. तथापि भाषेचा प्रश्न केवळ कचेरीच्या दारात उभा नसतो. तो शिवारात, रस्त्याच्या कडेला आणि रानातही उभा असतो, आणि तेथे त्याची किंमत कागदाने नव्हे तर माणसाच्या हातापायाने, प्रसंगी जिवाने मोजावी लागते. झाडे तोडणाऱ्या कामगारांच्या हाती आलेले चेन सॉ हे यंत्र आणि त्याच्या सुरक्षित वापराचे शिक्षण हा असाच एक प्रश्न आहे. आमच्या मते त्याचा विचार आता होणे आवश्यक आहे, कारण केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत आणि कामगारांच्या सुरक्षेविषयीची जुनी घडी बदलून नवी घातली जात आहे. नव्या घडीत या कामगाराला जागा मिळाली नाही, तर पुढे बराच काळ ती मिळणार नाही.

कुऱ्हाड गेली, यंत्र आले

खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, पलीकडे जोयडा आणि हल्याळ, अलीकडे चंदगड हा सारा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या लाकडाशी जोडलेला आहे. लोंढ्याची रेल्वे आणि दांडेलीच्या सागाच्या वखारी यांच्याभोवती येथील कित्येक कुटुंबांचे पोट भरत आले. त्या काळी तोड मुख्यतः सरकारी जंगलात होत असे. कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची लांब करवत ही हत्यारे होती आणि अनुभवी म्हाताऱ्याच्या हाताखाली तरुण पोरगा चार-दोन हंगाम काढून शिकत असे.

ती व्यवस्था मोडली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानंतर मंजूर कार्य आराखड्याबाहेर जंगलातील झाडतोड थांबली. पुढे २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाले. जंगल वाचण्याच्या दृष्टीने हे इष्टच होते. परंतु झाडतोड संपली नाही, ती केवळ जागा बदलून बसली. आज ती होते मालकी जमिनीतील साग, अकेशिया आणि नीलगिरीच्या लागवडीत, रस्ता रुंदीकरणाच्या कामात, विजेच्या तारांखाली, शाळांच्या आवारात आणि वादळाने उन्मळून पडलेल्या झाडांवर. बेळगाव-खानापूर-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात किती जुनी झाडे गेली, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे.

हे काम आता तीन-चार माणसांच्या टोळ्या करतात. मुकादम ठेका घेतो, यंत्र त्याचे किंवा भाड्याचे असते, आणि ज्याच्या हातात ताकद आहे त्याच्या हातात यंत्र दिले जाते. साधे पेट्रोलवर चालणारे यंत्र आज दहा हजार रुपयांच्या आत मिळते. दुकानदार ते सुरू करून दाखवतो, पेट्रोलमध्ये तेल किती घालायचे ते सांगतो, आणि शिक्षण तेथेच संपते. डब्यात एक पुस्तिका असते. ती बहुतेक वेळा इंग्रजीत असते आणि यंत्र पुसायच्या फडक्याबरोबर ती कोठेतरी हरवून जाते.

येथे कुऱ्हाड आणि यंत्र यांतील एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. कुऱ्हाडीने झाड तोडताना झाड बोलते. लाकडाचे तंतू तुटू लागले की कडकड ऐकू येते आणि माणूस बाजूला होतो. यंत्राच्या आवाजात ती कडकड बुडून जाते. म्हणजे जुन्या अनुभवाचा जो सर्वांत मोठा आधार होता, तोच यंत्राने काढून घेतला. त्याच्या जागी दुसरा आधार द्यावयाचा तर तो शिक्षणाचाच असू शकतो.

यंत्राचा स्वभाव

हे शिक्षण म्हणजे नेमके काय, हे वाचकांना कळावे म्हणून आम्ही त्यातील मुख्य गोष्टी येथे देत आहोत. तोडीच्या कामावर असणाऱ्यांना त्या वाचून दाखवल्या तरी त्यांचा उपयोग होईल.

पहिली गोष्ट यंत्राच्या उसळीची. फिरणाऱ्या साखळीच्या पात्याचे जे पुढचे टोक असते, त्याच्या वरच्या अर्ध्या भागाला फांदी किंवा ओंडका लागला की यंत्र एका क्षणात उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने धावत असते. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात सारे होऊन जाते. म्हणून यंत्राला पुढच्या मुठीसमोर एक आडवी ढाल असते. ती हाताच्या मागच्या बाजूने पुढे ढकलली गेली की साखळी जागच्या जागी थांबते. हा साखळीचा ब्रेक. १९७० नंतरच्या दशकात तो यंत्रांना बसवला जाऊ लागला आणि तेव्हापासून असंख्य चेहरे वाचले. परंतु ढाल मोडली, ब्रेक गच्च झाला, अडचण होते म्हणून कोणी काढून टाकला, तर ते यंत्र चाळीस-पन्नास वर्षे मागे गेले असे समजावे. काम सुरू करण्यापूर्वी ब्रेक चालतो की नाही हे रोज पाहणे, डाव्या हाताचा अंगठा मुठीच्या खालून घट्ट वळवणे, खांद्याच्या वर यंत्र न उचलणे आणि शिडीवर चढून ते न चालवणे, एवढे चार नियम पाळले तरी उसळीचे बहुतेक अपघात टळतात.

दुसरी गोष्ट झाड पाडण्याची. झाड ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूला प्रथम खाच घ्यायची. तिची खोली बुंध्याच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी असावी. मग मागच्या बाजूने काप घ्यायचा, तोही खाचेच्या तळापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर. हा काप खाचेपर्यंत न्यायचा नाही. मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी लाकडाची पट्टी न कापता ठेवायची. बुंधा ५० सेंटीमीटरचा असेल तर खाच १० ते १२ सेंटीमीटर आणि शिल्लक पट्टी ५ सेंटीमीटर. ही पट्टी दाराच्या बिजागरीचे काम करते. झाड तिच्यावर वळून ठरलेल्या दिशेने खाली येते. ती पट्टी कापली गेली की झाडाला धनी उरत नाही, ते कोणाच्याही अंगावर जाऊ शकते.

तिसरी गोष्ट माणसाने कोठे उभे राहायचे याची. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात तोडणाऱ्यांखेरीज कोणी असता कामा नये. झाड २० मीटर उंच असेल तर ४० मीटर. तोडणाऱ्याने आधीच आपली पळण्याची वाट साफ करून ठेवायची, आणि ती झाड पडण्याच्या दिशेच्या थेट मागे नव्हे तर मागे तिरपी असावी, कारण पडताना बुंधा कधी कधी सरळ मागे उसळतो. पडता पडता दुसऱ्या झाडात अडकलेल्या झाडाखाली जायचे नाही, आणि ज्या झाडाने त्याला धरले आहे ते तर कदापि कापायचे नाही. शेंड्यातील वाळक्या, तुटून लोंबणाऱ्या फांद्या आधी पाहून घ्यायच्या. वादळाने वाकलेले झाड ताणलेल्या धनुष्यासारखे असते. कोणत्या बाजूला ताण आहे हे पाहिल्याशिवाय त्याला पाते लावायचे नाही. तारेजवळचे झाड असेल तर हेस्कॉमने वीज बंद केल्याची खात्री होईपर्यंत यंत्र सुरूच करायचे नाही.

चौथी गोष्ट अंगावरच्या साधनांची. जाळीचा मुखवटा आणि कान झाकणारे शिरस्त्राण, बंद बूट आणि पायांना खास कापडाचे आवरण. या कापडात लांब धागे भरलेले असतात. पाते लागले की ते धागे बाहेर येऊन साखळीत गुंततात आणि यंत्र बंद पडते. लुंगी आणि चपला घालून यंत्र चालवणारा माणूस आपल्या मांडीवर उघडी साखळी घेऊन बसलेला असतो. कानांचेही तसेच. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा मानली जाते. १०० डेसिबलला हीच मर्यादा १५ मिनिटांवर येते, आणि ही यंत्रे साधारणतः त्याहूनही मोठा आवाज करतात. वर्षानुवर्षे थरथर सोसल्याने बोटांतील रक्तप्रवाह मंदावतो, बोटे थंडीत पांढरी पडतात आणि बधिर होतात. तोडीवर काम केलेल्या माणसाला ऐकू कमी येणे हा वयाचा दोष मानला जातो. वस्तुतः तो धंद्याचा दोष असतो.

'ओडू' आणि 'ओढू'

आता भाषेकडे येऊ. वर जे आम्ही सांगितले ते सोप्या मराठीत सांगितल्यावर कोणाही मराठी कामगाराला कळेल. तेच इंग्रजी पुस्तिकेतून किंवा कार्यालयीन कानडीतून सांगितले तर त्यातील किती त्याच्या हाती लागेल?

आमच्या भागातील टोळ्या एकभाषी नाहीत. मराठी, कानडी आणि अलीकडे हिंदी बोलणारी माणसे एकाच झाडाखाली काम करतात. एकमेकांचे चार शब्द सर्वांना येतात आणि एरव्ही त्यावर भागूनही जाते. परंतु संकटाच्या क्षणी माणूस आपल्या मातृभाषेत ओरडतो. कानडी माणूस 'निल्लू' म्हणेल, मराठी माणूस 'थांब' म्हणेल. एक उदाहरण तर विचार करायला लावणारे आहे. कानडीत 'ओडू' म्हणजे पळ. मराठीत 'ओढू' म्हणजे दोर ओढूया. झाडाला दोर लावलेला आहे, यंत्र घरघरते आहे, बुंधा फुटू लागला आहे आणि कोणी जिवाच्या आकांताने 'ओडू' असे ओरडले, तर दोर धरलेला मराठी माणूस काय करील? त्याने पळायचे त्या क्षणी तो दोर आणखी जोराने ओढील. दोन भाषा शेजारी नांदतात तेथे असे सापळे असतातच. ते शिकवणीतूनच मोडून काढावे लागतात. टोळीत कोणी कोणत्या शब्दाला थांबायचे आणि कोणत्या शब्दाला पळायचे, शिट्टी किती वेळा वाजली तर काय समजायचे, हात वर केला तर काय, हे कामाच्या आधी ठरले पाहिजे. कान झाकलेल्या माणसाला शब्द ऐकूच येणार नाही, म्हणून हाताच्या खुणा तर हव्याच.

यासाठी शिकवणारा दोन्ही भाषा जाणणारा हवा आणि शिकवणी शिकणाऱ्याच्या भाषेत हवी. ही मागणी म्हणजे सीमावादाचे राजकारण नव्हे. हा सुरक्षेच्या शास्त्राचाच भाग आहे.

नियम काय सांगतात

अमेरिकेत लाकूडतोडीच्या कामगारांसाठी १९९४ साली केलेले नियम या बाबतीत पाहण्यासारखे आहेत. दोन झाडांच्या उंचीचे अंतर, अंगावरची साधने, प्रथमोपचार या साऱ्यांबरोबर त्या नियमांत स्पष्टपणे म्हटले आहे की शिक्षण कामगाराला समजेल अशा रीतीने दिले पाहिजे, आणि त्याचे साहित्य कामगाराचे शिक्षण, साक्षरता आणि भाषाज्ञान पाहून तयार केलेले असले पाहिजे. त्या देशात इंग्रजीचा दबदबा काही कमी नाही. तरीही तेथे २०२२ साली लाकूडतोडीच्या धंद्यात दर एक लाख कामगारांमागे सुमारे १०० मृत्यू झाले आणि सर्व धंद्यांची सरासरी ३.७ होती. असे आकडे समोर असताना भाषेचा हट्ट धरून चालत नाही, हे त्यांना उमगले. स्वीडनमध्ये २०१४ पासून धंद्यासाठी हे यंत्र चालवणाऱ्याला शिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९८ मध्ये वनकामातील सुरक्षेची स्वतंत्र संहिताच प्रसिद्ध केली.

परदेशाची उदाहरणे पुरे. आपल्याच देशातील १९४८ च्या कारखाने कायद्याचे १०८ वे कलम काय सांगत होते? कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि तेथील बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. राज्याची भाषा कोणती, हा प्रश्न त्या कलमाने विचारला नव्हता. कामगाराला कोणती भाषा समजते, एवढेच विचारले होते. तो कायदा आता नव्या संहितेत विलीन झाला आहे, परंतु त्यामागचे तत्त्व शहाणपणाचे होते आणि शहाणपण रद्द होत नसते.

नव्या संहितेत कामगाराला नेमणुकीचे पत्र द्यावे, काही वर्गांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करावी, अशा चांगल्या तरतुदी आहेत. अडचण अशी की ती सामान्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते, आणि कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींसाठी पूर्वीची २० कामगारांची मर्यादा आता ५० वर नेली आहे. चार माणसांची टोळी या दोन्ही जाळ्यांतून खाली गळून पडते. सर्वांत धोक्याचे काम करणारा माणूस सर्वांत कमी संरक्षणाचा धनी ठरतो, हा या व्यवस्थेतील उघड दोष आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालातही झाडतोडीला स्वतंत्र रकाना नाही. जे मोजले जात नाही त्याची काळजी कोण घेणार?

भाषिक अल्पसंख्याकांच्या बाजूनेही आधार आहे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, केंद्राने मान्य केलेल्या संरक्षणांनुसार ज्या भागात एखाद्या भाषिक गटाचे प्रमाण १५ ते २० टक्के असेल, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावयाचे आहेत. खानापूर तालुक्यात मराठी भाषकांचे प्रमाण या मर्यादेच्या कितीतरी पुढे आहे. घटनेच्या ३५० व्या कलमाने कोणालाही आपले गाऱ्हाणे राज्यात किंवा संघराज्यात वापरात असलेल्या भाषेत मांडता येते, आणि ३५० ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी आहे. कर्नाटकाने २०२४ मध्ये फलकांवर ६० टक्के कानडी सक्तीची केली. ती सक्ती फलकांविषयी आहे. उरलेल्या ४० टक्क्यांत एक वाक्य कामगाराच्या भाषेत लिहायला तिने कोणाचा हात धरलेला नाही.

तीन आक्षेप

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातील, त्यांचा विचार आताच करू.

पहिला आक्षेप, येथील मराठी माणसाला कानडी येते. बाजारापुरती, बसमध्ये तिकीट काढण्यापुरती अनेकांना येते, हे खरे. परंतु भाजीचा भाव विचारणे वेगळे आणि बुंध्याच्या व्यासाचा दहावा हिस्सा शिल्लक ठेवा हे सांगितलेले समजणे वेगळे. अर्धवट समजलेली सूचना ही न समजलेल्या सूचनेपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण माणसाला आपल्याला समजले आहे असे वाटत असते.

दुसरा आक्षेप, हे कामगार फारसे शिकलेले नाहीत, त्यांना कोणत्याही भाषेतील कागद देऊन काय उपयोग? आमच्या मते हाच मुद्दा मराठीच्या बाजूचा आहे. शिकलेला माणूस परक्या भाषेतील कागद कोणाकडून तरी वाचून घेईल. न शिकलेल्याला तोंडी सांगावे लागते, दाखवावे लागते, त्याच्याकडून करवून घ्यावे लागते. तोंडी शिक्षण समजत्या भाषेतच होऊ शकते. चित्रांचा कागद आणि झाडाखालची दोन दिवसांची प्रत्यक्ष शिकवणी, असेच त्याचे स्वरूप असावे.

तिसरा आक्षेप, मराठी मागाल तर उद्या सारेच आपापली भाषा मागतील. जरूर मागावी. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतील कानडी कामगाराला महाराष्ट्र सरकारने कानडीतून हे शिक्षण दिले पाहिजे, असे आम्ही याच जागी स्पष्टपणे म्हणतो. जो न्याय आपण खानापूरला मागतो तो जतला नाकारता येणार नाही. झाड पडताना खालच्या माणसाची मातृभाषा विचारत नाही.

मराठी असावी ती कोणती?

मराठीतून शिक्षण म्हणजे इंग्रजी शब्दांचे संस्कृत प्रतिशब्द बनवणे नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. असे काही करायला घेतले की एखादी समिती बसते आणि कोणाच्याही तोंडी नसलेले जडजंबाल शब्द जन्माला येतात. ती मराठी कानडीइतकीच परकी वाटेल. तोडीवरच्या माणसाकडे शब्द आहेत. यंत्र उसळते, झाड अडकते, बुंधा फाटतो, पाते चेपते, फांदी लोंबते. खाच, काप, बिजागरी, शेंडा, ओंडका हे शब्द घरातलेच आहेत. यंत्राला तो 'मशीन' किंवा 'कटर' म्हणतो, ब्रेकला ब्रेकच म्हणतो. तेच ठेवावे. सीमाभागातील मराठीत कानडी शब्द सहज मिसळलेले आहेत, त्यांनाही सोवळे पाळून बाहेर काढू नये. ज्या शब्दाला माणूस चटकन हात थांबवतो तो शब्द शुद्ध.

आणि हा केवळ कर्नाटकापुरता प्रश्न आहे असेही नाही. महाराष्ट्रात मराठी राजभाषा आहे, तरी चंदगड-आजऱ्याच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या यंत्राच्या डब्यातही बहुधा तीच इंग्रजी पुस्तिका असते. गोव्यात १९८७ च्या कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान देताना मराठीच्या सरकारी वापरालाही वाव ठेवला आहे. तेथील बागायतीत आणि रस्त्यांवर खानापूर भागातील माणसे कामाला जातात. तीन राज्यांच्या सीमेवर फिरणाऱ्या या कामगारासाठी तिन्ही राज्यांनी मिळून एकच चित्रमय मराठी-कानडी-कोकणी पत्रक काढले तर त्यात कोणाचाही मानभंग होणार नाही.

काय करता येईल

बरेचसे काम नवा कायदा न करताही होऊ शकते. कर्नाटकात खासगी जमिनीतील झाड तोडण्यासाठी १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. त्या परवानगीच्या कागदाबरोबरच सुरक्षेचे एक पान कानडी आणि मराठीत जोडावे. वनखात्याला याचा खर्च कागदापुरताच आहे. सार्वजनिक बांधकाम खाते, हेस्कॉम, नगरपालिका आणि ग्रामपंचायती झाडतोडीचे ठेके देतात. त्या ठेक्याच्या अटींत शिकलेला यंत्रचालक, शिरस्त्राण, पायांचे आवरण आणि प्रथमोपचाराची पेटी या बाबी घालाव्यात आणि त्यांचे पैसे अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावेत, नाही तर ठेकेदार ती अट कागदावरच पाळील. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण केंद्रांतून दोन दिवसांचा वर्ग चालवणे अवघड नाही. राज्याच्या नियमांत दहापेक्षा कमी कामगारांच्या धोक्याच्या कामांना सामावून घेण्याची मागणी आमदारांनी विधानसभेत केली पाहिजे. यंत्र विकणाऱ्या कंपन्यांना ग्राहक हवा असतो. ग्राहकाच्या भाषेतील पुस्तिका मागण्याचा हक्क ग्राहकाने बजावला पाहिजे.

सरकारची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. गावोगावची युवक मंडळे, वाचनालये आणि मराठी संस्था व्याख्यानमाला भरवतात, तशी एका शनिवारी गावातील तोडकऱ्यांना एकत्र करून जाणत्या माणसाकडून ही शिकवणी करवून घेता येईल. केंद्राच्या ई-श्रम नोंदणीचे संकेतस्थळ जानेवारी २०२५ पासून मराठीसह २२ भाषांत उपलब्ध आहे. तेथे या कामगारांची नोंद करून द्यावी. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा दोन लाखांचा अपघात विमा त्यांना काढून द्यावा. हे विम्याचे छत्र अपुरे आहे, परंतु मुकादमाने हात वर केल्यावर घरच्यांच्या हाती काहीतरी उरते.

रक्त वाहू लागल्यावर पहिली काही मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात. आमगाव, गवाळी, पास्टोली, कोंगळा अशा गावांच्या परिसरात मोबाइलला आवाज नसतो आणि दवाखाना तासाभराच्या वाटेवर असतो. तेथे एकट्याने काम न करणे, स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरणे, आणि १०८ ला फोन कोठून लागतो ती जागा सकाळीच पाहून ठेवणे, हे प्रत्येक टोळीला माहीत असले पाहिजे.

सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल यथावकाश लागेल. तोवर झाडे पडत राहतील आणि त्यांखाली माणसे उभी राहतील. त्यांना त्यांच्या भाषेत 'बाजूला हो' असे सांगण्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची आवश्यकता नाही. पावसाळ्यापूर्वीची तोड सुरू होण्याआधी बेळगावच्या जिल्हा प्रशासनाने आणि वनखात्याने निदान ते एक पान तरी काढावे, आणि आमच्या वाचकांनी आपल्या शिवारात यंत्र लावण्यापूर्वी ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर आणि पायांत काय आहे, एवढे जरूर पाहावे.